बडोद्याची कला-फेरी : चित्रांना दिवसभर, गाण्याला तासभर

आधी निकाल सांगते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कलेतला इतिहास दाखवणारी ही एका दिवसाची फेरी पैसे आणि पायपीट दोन्हींचं चीज करते. पाचपैकी चार गुण मी आनंदानं देते. पाचवा अडवून ठेवला आहे तो गाण्यासाठी. हा इतिहास 1886 साली एका गायनशाळेतून सुरू होतो, आणि तो सांगताना त्या शाळेच्याच वाट्याला जेमतेम तास आला. बाकी सगळा दिवस चित्रांचा. मी चित्रकलेची शिक्षिका, नाशिकच्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात नोकरी गेली. झुकतं माप माझ्याच विषयाला मिळालं होतं, तरी मला ते खटकलं. का, ते लिहिते.

फेरी चालवतात दोघं तरुण. एकानं इथल्याच फाइन आर्ट्समधून कलेतिहास केलेला, दुसरा गाणं शिकलेला. संस्था नाही, पाटी नाही. ओळखीपाळखीतून निरोप जातो आणि हिवाळ्यातल्या शनिवारी आठ-दहा माणसं जमली की ते निघतात. त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून नावं देत नाही. बडोद्यात चित्र काढणारं किंवा गाणारं कुणी ओळखीचं असेल तर पत्ता लागेल. माणशी 1200 रुपये, त्यात चहा, दुपारचं खाणं आणि रिक्षा आल्या. संग्रहालयाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. आमच्या गटात बहुतेक मराठी, त्यामुळे दिवसभर मराठीच चाललं. गाणारा मुलगा दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातला. कितव्या पिढीपासून इथे, हे त्याला मोजून सांगता येईना, पण 'काकू, सावलीतून चला ना' म्हणताना ते 'ना' गुजराती वळणानं लांबायचं आणि ऐकायला फार गोड वाटायचं.

माझ्याबरोबर माझी नणंद होती. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. त्या गाण्यात विशारद आहेत, घरी मुलींना शिकवतात. त्या नसत्या तर मला निम्मी फेरी कळली नसती.

सकाळी आठला सूरसागरच्या काठी जमायचं. तलावासमोरच विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीची इमारत आहे. गावातली माणसं अजून म्युझिक कॉलेजच म्हणतात. फेरीची सुरुवात इथून करतात हे त्या दोघांचं सगळ्यात शहाणपणाचं काम. विद्यापीठ निघालं 1949 साली, म्हणून बाहेरची माणसं गोष्ट तिथून सांगायला लागतात. खरं तर विद्यापीठाला ही शाळा आयती मिळाली, तीही साठीच्या पुढची. फेब्रुवारी 1886 मध्ये सयाजीराव महाराजांनी ती काढली आणि उस्ताद मौलाबक्षांच्या हाती दिली. पूर्वी गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं, त्याची मर्जी सांभाळायची, आणि ज्या दिवशी त्याच्या मनात येईल त्या दिवशी काही पदरात पडायचं. मौलाबक्षांनी गाणं वेळापत्रकात बसवलं. स्वरलिपी बांधली, मुलांना वर्गात एकत्र बसवून शिकवलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते 1901 साली, म्हणजे यानंतर 15 वर्षांनी. साल ऐकून वन्सं थबकल्या. गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या बाई त्या. मौलाबक्षांचं नाव त्यांनी ऐकलं होतं, पण दोन सालं शेजारी शेजारी ठेवून कुणी दाखवली नव्हती.

मौलाबक्षांचे नातू इनायत खान. 1882 साली बडोद्यात जन्मले, आजोबांच्या शाळेत वाढले, 1910 मध्ये पश्चिमेकडे गेले आणि तिथे सूफी विचाराचे गुरू म्हणून जगभर ओळखले गेले. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त हस्तक म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि 1944 साली डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. सूरसागरसमोरच्या एका गाण्याच्या शाळेतून निघालेला धागा डाखाऊपर्यंत जातो, हे ऐकताना आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलीनं वही काढून लिहायला सुरुवात केली.

गाणाऱ्या मुलानं पुढे दरबाराच्या 'कलावंत कारखान्या'बद्दल सांगितलं. गवई, वादक, नर्तकी या सगळ्यांसाठी स्वतंत्र खातं. पगार, हजेरी, रजा, सगळ्याचे नियम. मैफलीच्या राजाला हजेरीपटावर सही करायला लावणं काही जणांना जाचलं असणार, यात मला शंका नाही. पण कलावंताचं पोट राजाच्या लहरीवर न ठेवता खात्याच्या नियमावर ठेवायचं, हा विचार त्या काळात किती पुढचा होता! मी स्वतः पगारी शिक्षिका होते. महिन्याच्या महिन्याला हातात पडणाऱ्या पैशांनी माणसाला चित्र काढायला किती निवांतपणा मिळतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. बडोद्याची खरी करामत मला हीच वाटते. कलेचं कौतुक तर कितीतरी संस्थानांनी केलं. इथे तिला वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पगार मिळाला.

याच दरबारात तरुण अब्दुल करीम खाँ नोकरीला होते. इथेच सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकल्या, आणि पुढे दोघांनी बडोदं सोडलं. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. मार्च 1916 मध्ये पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यात, महाराजांच्या पाठबळावर. श्रीकृष्ण रातंजनकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर इथे आले, उस्ताद फैयाज खाँसाहेबांपुढे गाणं शिकायला बसले, आणि नंतर लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे आज देशभरात गाण्याचे जे वर्ग आणि परीक्षा चालतात, त्यांची एक मुळी या तलावाकाठी आहे. त्या मुलानं पायरीवर बसून जौनपुरी रागातल्या चार ओळी गायल्या, खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीची आठवण म्हणून. आवाज कोवळा, पण उच्चार आणि ठेहराव पक्के. आतल्या एका खोलीतून तबल्याचा रियाज ऐकू येत होता. तबल्यात इथे अजराडा घराण्याचे सुधीरकुमार सक्सेना शिकवायचे, असं त्यानं जाता जाता सांगितलं. वन्संनी लगेच विचारलं, 'त्यांची पद्धत वर्गात कशी बसवली?' तो उत्तर द्यायला लागला आणि दुसऱ्यानं घड्याळ दाखवलं.

इथेच माझी तक्रार आहे. नृत्याचा तर उल्लेखच धावता झाला. सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्या 1880 सालच्या लग्नात आंदण म्हणून तंजावरहून नर्तकी आल्या, त्यांत गौरा आणि कांतिमती ही नावं मोठी. मराठ्यांच्याच एका जुन्या राजधानीतून मराठ्यांच्या दुसऱ्या राज्यात नाच आला, आणि तोही सासरी निघालेल्या मुलीबरोबर. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्यात भरतनाट्यम शिकवू लागले. विद्यापीठात नृत्याची पदवी देणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांमध्ये बडोदं आहे. मोहन खोकर इथे नृत्य विभागाचे प्रमुख होते, नंतर सी. व्ही. चंद्रशेखर आले. दरबारातल्या नर्तकीपासून पदवीच्या वर्गापर्यंतची ही वाट एका शहरात, एका माणसाच्या आयुष्याच्या मापात घडली, आणि आम्हाला ती रिक्षात बसता बसता ऐकायला मिळाली! मी रिक्षावाल्याला दोन मिनिटं थांबवून उरलेलं विचारून घेतलं. नाट्यविभागाचंही तेच झालं. चंद्रवदन मेहता, जशवंत ठाकर, मार्कंड भट्ट ही नावं कानावर पडली आणि मागे पडली.

तिथून कीर्तिमंदिर. विश्वामित्रीच्या पुलाजवळ गायकवाड घराण्याचं हे स्मारक 1936 साली बांधून झालं. मधल्या दालनाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. 1939 मध्ये 'गंगावतरण' झालं, त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराज गेले होते. मग मीरेचं जीवन, मग 'नटीर पूजा', आणि शेवटी महाभारताचं युद्ध. हे काम 1946 पर्यंत चाललं. शांतिनिकेतनहून नंदलालबाबू आपले विद्यार्थी घेऊन यायचे.

इथे तो कलेतिहासवाला मुलगा खुलला. त्यानं आम्हाला आधी काहीच सांगितलं नाही. पाच मिनिटं गप्प उभं राहायला लावलं, मग विचारलं, डोळा कुठून कुठे गेला? चित्र दाखवण्याची याहून चांगली रीत नाही. मी वर्गात हेच करायचे. एवढी मोठी भिंत, एवढी माणसं, आणि रेषा कुठे अडखळत नाही. युद्धाच्या भिंतीवर गर्दी आहे, पण गोंधळ नाही. प्रत्येक आकृतीला तिचा श्वास घ्यायला जागा ठेवलेली आहे. आठवी-नववीच्या मुलांना स्मरणचित्रात माणसांची गर्दी काढायला सांगितली की ती डोक्यावर डोकी रचतात. त्यांना हे एकदा दाखवलं तर वर्षभराचं शिकवणं वाचेल.

त्यानं इथे एक दुवा फार नेमका जोडून दिला. गुरू बडोद्यात भिंती रंगवून गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच शांतिनिकेतनचे विद्यार्थी बडोद्यात शिकवायला आले. शंखो चौधुरी शिल्पकलेत, के. जी. सुब्रमण्यन चित्रकलेत. मला त्यात आणखी एक दिसलं, ते त्यानं सांगितलं नाही. 'नटीर पूजा' हा रवींद्रनाथांच्या नाटकातला विषय, बुद्धाची पूजा म्हणून नाचणाऱ्या नटीचा. म्हणजे याच भिंतीवर नाटक आहे, नाच आहे आणि चित्र आहे. सकाळचं म्युझिक कॉलेज आणि दुपारचं फाइन आर्ट्स यांच्या मधोमध हे चित्र उभं आहे. तंजावरच्या नर्तकींची गोष्ट इथे या भिंतीसमोर सांगितली तर? मी त्याला तसं बोलून दाखवलं. त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

कलाभवन आम्ही रिक्षातूनच पाहिलं, आता तिथे इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. 1890 साली त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं निघालेली ही तंत्रशाळा. आमच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर इथे शिकले. रंगकाम, मूर्तिकाम, फोटोग्राफी, सगळ्यात हात घातला. सिनेमा पुढे त्यांनी ज्या हातांनी केला, ते हात इथे तयार झाले. सयाजीराव तरी कुठले? आमच्याच जिल्ह्यातले, मालेगावाजवळच्या कवळाण्याचे. नाशिककरांनी ही फेरी करावी याला माझ्यापुरतं एवढं कारणही पुरेसं आहे.

आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली विद्यापीठाची जन्मकथा ऐकली. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही इमारत, चिझम या इंग्रज वास्तुकारानं बांधलेली. विद्यापीठ स्थापन झालं 30 एप्रिल 1949 ला, आणि बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं 1 मे ला, दुसऱ्याच दिवशी! राज्य हातातून जाण्याच्या आदल्या दिवशी या घराण्याच्या राज्यानं मागे काय ठेवलं, तर विद्यापीठ. मला तिथे उभं असताना भरून आलं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाचं कुलगुरूपद मिळालेल्या देशातल्या त्या पहिल्या बाई. त्यांच्याच कारकिर्दीत, 1950 मध्ये, ललित कलांची फॅकल्टी निघाली. 1960 पर्यंत बडोदं आणि नाशिक एकाच राज्यात होतं, हेही आपण विसरून गेलो आहोत.

दुपारचं खाणं म्हणजे सेव-उसळ आणि पाव, वर ताक. झणझणीत आणि गरम. तिखट सोसत नसेल त्यांनी आधी सांगावं, वेगळी सोय करतात.

मग पुष्पबाग, म्हणजे फाइन आर्ट्स. इथे दुपारचे तीन तास कसे गेले कळलं नाही. झाडं, शेड, दगडाचा चुरा, अर्धवट कोरलेली कामं, आणि मुलं जमिनीवर बसून काम करताहेत. आत जायची परवानगी हे दोघं आधी काढून ठेवतात, त्यासाठी नावं आठवडाभर आधी कळवावी लागतात. विद्यार्थी काम करत असताना फोटो काढायचे नाहीत, हा नियम ते कडकपणे पाळायला लावतात, आणि ते बरोबरच आहे.

बडोद्यानं नेमकं वेगळं काय केलं, हे त्यानं छान उलगडलं. इंग्रजांच्या काळातल्या कलाशाळा पदविका द्यायच्या. आपल्याकडे ए.टी.डी. आणि जी.डी. आर्ट होती तशी. हात तयार व्हायचा, पण चित्रामागचा विचार शिकवणं हे कुणाचं काम नव्हतं. बडोद्यानं चित्रकला विद्यापीठात आणली, तिची पदवी केली, आणि चित्रकाराला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र शिकणं भाग पाडलं. हरमन गोएट्झ हे जर्मन कलेतिहासकार तेव्हा इथल्या संग्रहालयाचे संचालक होते, त्यांचाही कलेतिहासाच्या विभागाच्या उभारणीत हात. मी ए.टी.डी. केलेली. माझ्या शिक्षणात मला अजिंठ्याबद्दल जे शिकवलं ते दोन पानांत मावेल. म्हणून हा भाग मी कान देऊन ऐकला.

फॅकल्टीचे पहिले डीन मार्कंड भट्ट, ज्यांचं नाव सकाळी नाट्यविभागात ऐकलं तेच. चित्रकला विभाग उभा केला नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. इंदूरचे मराठी माणूस, तिथल्या देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले. 1950 ते 1966 ते इथे होते, शेवटची वर्षं डीन म्हणून. त्यांनी विद्यार्थ्यांवर आपली शैली लादली नाही, स्वतःच सतत बदलत राहिले. 1956 साली 'बडोदा ग्रुप'नं मुंबईत प्रदर्शन केलं त्यात गुरू आणि शिष्य एकत्र होते. बेंद्रे, सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, शांती दवे, प्रभा डोंगरे. शिक्षकानं विद्यार्थ्याच्या शेजारी आपलं चित्र टांगायचं आणि लोकांनी दोन्हीकडे सारख्याच नजरेनं बघायचं. शिक्षकाला याहून मोठं धाडस नाही.

सुब्रमण्यन यांनी सुरू केलेली खेळणी मला सगळ्यात आवडली. फाइन आर्ट्स फेअर म्हणजे फॅकल्टीची जत्रा, 1960 च्या दशकात शंखो चौधुरी आणि सुब्रमण्यन यांच्या उत्साहातून निघाली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, भांडी करायचे आणि सामान्य माणसाला परवडेल अशा भावात विकायचे. लाकडाचे तुकडे, मणी, चामडं असलं काहीबाही घेऊन सुब्रमण्यन प्राणी आणि माणसं करत. भिंतभर मोठी चित्रं करणारा माणूस लहान मुलाच्या हातात मावेल असा घोडा तितक्याच मनापासून करतो, ही शिकवण कुठल्याही व्याख्यानात मावणार नाही. ज्योती भट्टांनी कॅमेरा घेऊन गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपून ठेवली. ज्या बायकांनी ती काढली त्यांना कुणी चित्रकार म्हटलं नव्हतं. माझी आई सारवलेल्या अंगणात रोज वेगळी रांगोळी काढायची, तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

भूपेन खख्खर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. चित्रकार गुलाममोहम्मद शेखांच्या आग्रहावरून 1962 मध्ये बडोद्यात आले, कलासमीक्षेच्या अभ्यासाला, आणि इथलेच झाले. घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी आपल्या गल्लीतली माणसं त्यांनी चित्रात आणली. नसरीन मोहमदी यांच्याबद्दल मात्र मी आधी फार थोडं वाचलं होतं. 1972 पासून त्यांनी इथे शिकवलं, 1990 साली वारल्या. कागदावर शाई, पेन आणि आखणीची उपकरणं, एवढंच साहित्य. मी भूमिती पेटीतल्या पट्टीनं मुलांना संकल्पचित्राच्या चौकटी आखायला शिकवल्या. त्याच आखीव रेषेतून इतका तरल अवकाश उभा राहू शकतो, हे त्या मुलानं छापील प्रतींवरून दाखवलं तेव्हा मी ती पानं परत करायलाच तयार नव्हते.

2007 साली परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला इथे अटक झाली, आणि प्रभारी डीननी त्याची बाजू सोडली नाही म्हणून त्यांचं निलंबन झालं. हे त्यानं न टाळता, न चढवता सांगितलं. आमच्यातले एक गृहस्थ त्यावर वाद घालू लागले, त्यांचंही ऐकून घेतलं. परीक्षेची भिंत ही विद्यार्थी आणि परीक्षक यांच्यातली गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. मी ते तिथे बोलले आणि इथेही लिहिते.

शेवट लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात, महाराजा फतेसिंह संग्रहालयात, राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे. महाराजांनी 1888 मध्ये त्याला 14 पौराणिक चित्रांचं काम दिलं, 1890 मध्ये ती पुरी झाली. नऊवारी नेसलेल्या त्या नायिका आपल्याकडे घरोघर गेल्या त्या पुढच्या छापील प्रतींतून. मूळ 'शंतनू-मत्स्यगंधा' पुढे उभं राहिल्यावर कळतं की छापात काय काय हरवलं. अंगाची कांती, पाण्यावरचा उजेड. पण तोवर पाय बोलायला लागले होते. साठीच्या पुढच्या माणसांना इथे बसायला वेळ हवा. माझ्या मते ही चित्रं कीर्तिमंदिराच्या आधी ठेवावीत. रविवर्मा, मग नंदलाल, मग पुष्पबाग, असा क्रम लावला तर पन्नास-साठ वर्षांत बघण्याची रीत कशी बदलली ते डोळ्यांनीच कळेल, सांगावं लागणार नाही.

दोघांच्या माहितीत मला खोट सापडली नाही. जिथे कथा आणि पुरावा वेगळे होते तिथे 'असं सांगतात' म्हणून ते वेगळं ठेवत होते. घाई फक्त सकाळी केली. संध्याकाळी चहा घेताना मी आणि वन्संनी त्यांना स्पष्ट सांगितलं : म्युझिक कॉलेजला निदान अर्धा दिवस द्या. नृत्यविभागातला एखादा वर्ग दाखवता आला तर बघा. संगीतशास्त्रासाठी इथे इतकी वर्षं झटलेल्या आर. सी. मेहतांबद्दल बोला. आणि फैयाज खाँसाहेबांच्या कबरीवर न्या. 1950 साली ते बडोद्यातच गेले. 2002 च्या दंगलीत त्या कबरीची नासधूस झाली होती, तेव्हा तर तिथे जाऊन दोन मिनिटं उभं राहणं जास्तच गरजेचं आहे. गाणारा मुलगा म्हणाला, 'काकू, मला तेच हवंय, पण लोक चित्रं बघायला येतात, गाणं बघता येत नाही ना.' यावर वन्संनी दिलेलं उत्तर मला पटलं : बघता येत नाही तर ऐकवा. खाँसाहेबांचा ललत राग, अब्दुल करीम खाँ, हिराबाई, एकेक तबकडी सूरसागरच्या पायऱ्यांवर बसवून ऐकवा, मग इतिहास सांगा. माणसं हलणार नाहीत.

ते दोघं आता दोन दिवसांची फेरी आखायचं म्हणताहेत, पहिला दिवस गाणं-नाच-नाटक आणि दुसरा चित्र-शिल्प. ती निघाली तर 2500 रुपये द्यायला मी आणि वन्सं दोघी तयार आहोत. तोवर ही एका दिवसाची करा, पण आठऐवजी साडेसातला सूरसागरवर जा आणि त्या मुलाला आधीच सांगून ठेवा की आम्हाला गाण्याचं जास्त ऐकायचं आहे.